माणूस नको

पतसंस्थेचे हाणमंतराव म्हणाले होते,
ऑक्टोबरच्या पानावर निसर्ग पाहिजे,
आडवा. पाणी असू द्या. माणूस नको.

म्हणून लग्नांचा कॅमेरा घेऊन
दुपारी साडेतीनला कंधारच्या तळ्याकाठी उभा राहिलो.
पलीकडं कुठंतरी सोयाबीनची रास चालू होती,
मळणीयंत्राचा भुसा हवेत चढून
ऊन गाळत होता, चहासारखं.
काठाला बेशरमीची जांभळी फुलं.
एक टिबुकली बुडायची,
मी मनात आकडे मोजायचो,
वर यायची ती भलतीकडंच.

सगळं जुळलं होतं. फक्त उजव्या कोपऱ्यात
सतरा गोधड्या.
खडकांवर, बाभळीवर, दगडी पायऱ्यांवर.
कुणाचं तरी अख्खं घर
दसरा काढायला तळ्यावर आलेलं.

मावशी, म्हणलं, अर्धा तास तेवढ्या उचलता का?
ऊन चांगलं पडलंय.
तिनं धोपटणं थांबवलं नाही.
'मलाबी दिसतंय की, बाबा.
म्हणून तर आणल्यात.'

मग काय बोलणार.
जरा वेळानं तिनंच हाक मारली,
'एवढं टोक धर. एकटीला पिळंना ही,
चार लुगड्यांची हाय.'
कॅमेरा तिपाईवर तसाच राहिला.
ती डावीकडं पीळ घालायची, मी उजवीकडं,
मधून धार निघायची,
आधी गढूळ, मग कमी गढूळ,
खाली पडता पडता पिवळी.

आणि तेव्हाच झालं ते.
भुशाखालून ऊन एकदम तिरपं आलं,
सगळं तळं काठापासून काठापर्यंत
एका रंगाचं झालं, त्या रंगाला मला नाव येत नाही,
टिबुकलीमागची रेघसुद्धा
शेवटपर्यंत दिसली.
माझे दोन्ही हात गुंतलेले.
'सोडू नको,' ती म्हणली, 'माती लागंल.'

नाही सोडलं.

कार्डात एकच फोटो निघाला, आधी चाचणीला काढलेला.
तिरका. अर्धं पाणी, अर्धी गोधडी,
टाक्यांच्या ओळी लाटांच्या पुढं गेलेल्या.
हाणमंतरावांनी तो मोठा करून बघितला,
मग लहान करून बघितला.

पतसंस्थेच्या ऑक्टोबरात बर्फाचे डोंगर आहेत.
आमच्या घरी तेच टांगलंय,
डोंगरांखाली दुधाचे आकडे लिहितो,
एक, एक, दीड, खाडा, एक.
घट बसायच्या आदल्या दिवसाच्या चौकोनात
मी सतरा लिहून ठेवलेत.
बायको विचारते,
त्या दिवशी एवढं दूध कुणाला लागलं?