यजमानी

पंचायतीच्या खोलीत पंखा बंद.
संगणकामागचा पोरगा कानडीत विचारतो,
"यजमानी यारु?"
मी म्हणते, यजमान रताळी काढायला गेलेत,
सांजच्याला येतील.
रांगेतली नीलव्वा फिसकन हसते,
कोपरानं ढोसते,
अगं, तूच की.

तीस वर्षं नाव घ्यायचं नाही म्हणून
'आमचे यजमान' म्हणत आले.
तो शब्द असा एका वेलांटीनं
माझ्याकडं वळेल, कुठं वाटलं होतं?

कागदावर गोल गोल अक्षरं.
भारता परशराम बेळगुंदकर, असं लिहिलंय म्हणे.
असेल.
नीलव्वा दोनदा वाचते,
मी दोनदा ऐकते.

पहिल्या हप्त्याचा निरोप यांच्या फोनवर आला,
माझ्याआधी मारुतीच्या पाराला कळला,
आणि आठवड्यात ट्रॅक्टरच्या भाड्यात गेला.
दुसऱ्यातून मी आधी सिम घेतलं.
फोन नीलव्वाच्या लेकाचा जुना,
पाचाचं बटण दोनदा दाबावं लागतं.
तिसरा हप्ता आलाच नाही. चौथाही नाही.
मग दोन एकदम.
सरकारबी आमच्या थोरल्या दिरासारखं,
बोललेलं देतं,
पण चार हेलपाटे घालायला लावून.

मंगळवारी बाचीची गाडी धरते.
कंडक्टर शून्याचं तिकीट हातात देतो,
तोंडाकडं न बघता, अक्षता वाटल्यासारखं.
मागचा म्हातारा पुटपुटतो,
फुकट झालं तशी बायकांना कामं सुचाय लागली.
होय मामा, सुचली.
डोळे दाखवायचं काम सात वर्षं राहिलं होतं.
यजमान 'बघतो' म्हणाले होते.

बाचीपासून पुढं चालत.
शिनोळीच्या फाट्यावर बहीण उभी,
तुडयेहून आलेली, पिशवीत काजू.
तिकडं ती लाडकी, इकडं मी यजमानी.
तुला किती?
पंधराशे. तुला?
दोन हजार.
आले तर.
आले तर.
भर रस्त्यात दोघी हसतो.
मग गप्प.

आप्पांच्या शेतावरचा हक्क सोडताना
दोघींनी एकाच दिवशी अंगठे दिले होते,
सही येत असून.
साडी मिळाली होती, हिरवी.
तिची अजून आहे.
माझी मी गोधडीला लावली.

इथल्या उताऱ्यावर पाच नावं,
त्यातली तीन मेलेल्यांची.
माझं नाही.
त्या खोलीत ते कुणी विचारत नाही.

परवा हे ओसरीवर खताचा हिशेब करत बसले.
खूप वेळ तंबाखू मळली.
मग दाराच्या चौकटीशी बोलल्यासारखं म्हणाले,
पाचशे हाईत काय?
मी भाकरी उलटली.
कडा दाबली, फुगू दिली.
तव्यावरून नजर न काढता म्हटलं,
बघते.