दुसरा पट्टा

तीस वर्षं मी एकच गोष्ट शिकवली:
हिरवा रंग एकटा नसतो.

पालकाचं पान, चिमूटभर वाळू, खल.
वर ॲसिटोन. मार्चातल्या नागपुरात
बूच काढेस्तोवर निम्मं ॲसिटोन
खिडकीतून अंबाझरीकडे निघून जायचं.
उरलेल्यात पान वाटायचं, गाळायचं.
कागदाच्या पट्टीवर सुईच्या टोकाने एक ठिपका,
वाळला की त्यावरच पुन्हा,
वाळला की पुन्हा.
मग पट्टी बरणीत सोडून गप्प बसायचं.
बारावीच्या पोरांना नेमकं हेच जमत नसे.

ठिपका चढू लागे, आणि चढता चढता
त्याच्या वाटण्या होत.
सगळ्यांत वर कॅरोटीन, गाजराचं, कोहळ्याचं सख्खं.
त्याखाली फिकट पिवळा झँथोफिल.
मग निळसर हिरवा. तळाशी पोपटी,
जागचा न हलणारा.
दुसरा पट्टा रुसका. कधी यायचा, कधी नाही.
जर्नलात मात्र
सगळ्यांचाच यायचा.

परवा धंतोलीच्या दवाखान्यात
चौकटींचा कागद समोर धरला.
उभ्या रेघा मधोमध वाकलेल्या,
आंबिया बहारात संत्र्याची फांदी वाकते तशा.
मग पडद्यावर माझ्याच डोळ्याचं आतलं चित्र:
नारिंगी, शिरांचं, सोललेल्या फळासारखं,
आणि मध्ये एक डाग, पिवळसर,
पुसत आलेला.

"ओळखलं का याला, सर?"
मी डागाला ओळखलं नाही, डॉक्टरणीलाही नाही.
"आश्लेषा मेंढे. रोल नंबर एकेचाळीस.
आणि हा आपला दुसरा पट्टा.
ल्युटीन. झँथोफिलच ते.
शरीराला बनवता येत नाही, सर,
पानांकडून उसनं आणावं लागतं."

म्हणजे इतकी वर्षं
बरणीवर वाकून मी जो पिवळा शोधत होतो
तो पिवळ्यातूनच शोधत होतो.
हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं.
असेल तरी
परीक्षेला नव्हतं.

"तुमचा विरळ झालाय. गेलेलं परत येईल
असं खोटं सांगत नाही. पण खा.
पालक, मका, सांबार, अंड्याचा बलक."
चिठ्ठी लिहिता लिहिता, मान वर न करता,
"सर, माझा दुसरा पट्टा त्या दिवशी आलाच नव्हता.
पेन्सिलीने रंगवला होता मी.
बारा रंगांच्या डबीतल्या."

"ठाऊक होतं," मी म्हणालो.
"खरा पट्टा कमानीसारखा वाकतो.
तुझा फूटपट्टीने आखलेला होता."

"मग दहापैकी नऊ?"

खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते.
त्या वर्षी ॲसिटोनची बाटली फेब्रुवारीतच संपत आली होती,
नवी मागवायला सही मिळत नव्हती,
आणि पुरावी म्हणून मीच तिच्यात पाणी घातलं होतं.
एकेचाळीसच काय,
कुणाचाच पट्टा येणार नव्हता.
हे मी तिला सांगितलं नाही.
"अक्षर चांगलं होतं तुझं," म्हणालो.

येताना गोकुळपेठ बाजारात उतरलो.
सयत्राबाईसमोर भेदरांचा ढीग, वांगी,
गंगाफळाची कापलेली फोड,
आतून तिच्या कुंकवाहून धिटाईची.
ओल्या पोत्याखाली पालक, चिवळ.
डोळ्यांसाठी हवं म्हटलं तर हसली:
"गुरुजी, नुसतं उकडून नका खाऊ.
जवसाचं तेल सोडा जराक,
नाही तं अंगी लागत नाही."

बरोबर आहे. हा रंग पाण्यात विरघळत नाही.
मला तर हे
सगळ्यांच्या आधी ठाऊक असायला हवं होतं.

मी उजवा डोळा मिटून पाहिलं.
कडेच्या जुड्या दिसल्या, हिरव्यागार, दवासकट.
मधली दिसेना. तिच्या जागी
धुऊन ठेवलेल्या पाटीसारखं काहीतरी.
हात घालून चाचपली,
देठ गार होते.
तीच उचलली.
बाईने वर न मागता सांबार टाकला.