तीन की पाच

ह्वे शहरात, नदीकाठच्या इस्पितळात
क्वे आजींची फाइल सापडेना.
खिडकीवर सांगितलं ते नाव, यादीतलं नावही तेच,
काना-मात्रेचा फरक नाही,
तरी यंत्र म्हणालं, अशी कोणी नाही.
रिवाजाप्रमाणे मग नवी फाइल उघडली. कोरी.
आणि ‘पेनिसिलिन चालत नाही’ ही ओळ
जुन्या फाइलीत एकटीच बसून राहिली.

थोआ नर्सला आजींचा सुजलेला हात आठवला,
गेल्या वर्षीचा. म्हणून वाचल्या.
नाहीतर
(त्यापुढे कुठल्याच अहवालात कोणी लिहीत नाही).

रात्री उयेनने दोन्ही नावं शेजारी ठेवली,
मध्ये बरोबरीच्या दोन रेघा, आणि पुन्हा दोन.
उत्तर: नाही.
बरं, लांबी मोज.
एकीची तीन.
एकीची पाच.

असं आहे तर.
इथला ए टोपीसकट, टोपीवरच्या तिरक्या सुरासकट
एकाच साच्यातून पडलेला.
तालुक्याच्या दवाखान्यातून आलेल्या यादीत मात्र
ए निराळा, टोपी निराळी, सूर निराळा,
तिघं एका छत्रीखाली असे दाटून उभे
की बघणाऱ्याला एकच माणूस दिसावा.

डोळा चुकला नव्हता.
यंत्रही खोटं बोललं नव्हतं.
बाइट तेच आहेत का, एवढंच त्याला विचारलेलं.
बाई तीच आहे का, हे कोणी विचारलंच नव्हतं.

सकाळी वुओंगसाहेब म्हणाले, खुणाच पुसून टाका ना,
टोप्या नकोत, सूर नकोत, कटकट नको.
उयेनने त्यांच्याच वर्तमानपत्राच्या कडेला लिहून दाखवलं:
सूर चढला की दालचिनी,
सपाट राहिला की आपलं गाव,
टोपी काढून सूर मुरडला की देवाचा कौल.
पुसलंत, तर तिघी एकाच खाटेवर झोपतील, साहेब,
आणि गोळी कुणाला द्यायची?

शेवटी ओळ एकच वाढली:
आधी दोघींना एका साच्यात ओत, मग विचार.
स्वतःच्या नावावर चालवून पाहिली.
चार आणि पाच. म्हणजे मीही
कुठेतरी ‘अशी कोणी नाही’ असणार.

दुपारी आजी घरी निघाल्या. सहीला पेन दिलं.
सावकाश तीन अक्षरं. मग हात उचलला, टोपी.
पुन्हा उचलला, जरा थांबल्या,
चष्मा सारखा केला,
आणि तिरकी रेघ.

उयेन मोजत होती.