मनगट सैल

सीपीआरचा मेडिसिन वॉर्ड, खाट चौदा.
बाळगोंडा मगदूम, रुकडीचे, वय एकोणसाठ,
शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं मोल्डर.
आम्ही सात जण, गळ्यात नवेकोरे स्टेथोस्कोप.
इंगवले मॅडम म्हणाल्या, "ते आधी खिशात घाला.
आणि हात लावायच्या आधी सांगा,
हाताला काय विचारायला पाठवताय?"

बघणं, चाचपणं, ठोकणं, ऐकणं –
आम्हाला क्रम पाठ होता.
"क्रम झाला. शंका कुठाय?"

खोकला, उतरलेलं वजन, दोन पायऱ्यांत धाप.
"छातीत पाणी. उजवीकडे," समीना म्हणाली.
"बरं. मग श्वासनलिका कुठे सरकेल?"
"डावीकडे."
"लिही. मग तपास."
तिने खरंच लिहिलं, तळहातावर, बॉलपेनने.

ठोकायची पाळी माझी.
बरगड्यांमध्ये एक बोट, त्यावर दुसरं,
आणि आवाज नुसता माझ्या भीतीचा.
बाळगोंडा हसले, हसताना खोकले.
"मनगट सैल सोड, पोरा.
मारायचं न्हाई, टाकायचं. आन् लगीच उचलायचं.
आमी कास्टिंग असंच बघतोय.
चांगलं असलं की घंटेगत वाजतंय,
आत चीर असली की मुकं."

मी सैल सोडलं.
डावी बाजू वाजली.
उजवी मुकी.

"पाणीच!" आम्ही सगळे.
मॅडमनी समीनाचं बोट धरून
त्यांच्या गळ्याखालच्या खळगीत ठेवलं.
नलिका उजवीकडे होती.
ढकललेली नव्हती,
ओढलेली.

समीनाने मूठ मिटली.
खाली भाऊसिंगजी रोडवरून एक केएमटी
गिअर बदलत गेली, तेवढाच आवाज.

"पाणी न्हाई व्हय?" बाळगोंडांनी विचारलं.

आम्ही त्यांना ठोकत होतो तेवढा वेळ
ते आम्हाला ठोकून बघत होते,
आणि आम्ही सातही जण
मुके वाजलो होतो.

मॅडम खाटेवर टेकल्या.
"पाणी नाही. फुफ्फुस आक्रसलंय.
कशानं, ते आज मला माहीत नाही.
कळेल त्या दिवशी मीच येऊन सांगेन,
दुसऱ्या कुणाकडून नाही."
त्यांनी मान हलवली,
आणि सदऱ्याची बटणं लावली,
खालून वर, सावकाश, एकसुद्धा न चुकता.

बाहेर आम्हाला वाटलं, आता बोलणी बसणार.
मॅडम एवढंच म्हणाल्या,
"तिनं लिहिलं होतं, म्हणून चूक सापडली.
तुम्ही सहा जण कुठे चुकलात
ते तुम्हालाही कळणार नाही."

समीना बेसिनपाशी हात धूत होती.
डावीकडे
पुसट झालं होतं,
गेलं नव्हतं.