दोरा

दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी
एरंडवण्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये
'आकाशातली परात' लावतात.
तिकीट नाही. येताना घरून झाकण आणायचं,
कुकरचं, डब्याचं, कसलंही.

अठ्ठ्याऐंशी साली सहा दिवस चालला हा सिनेमा.
सातव्या दिवशी थेटरवाल्यानं पोस्टर उलटं करून
कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'आज खेळ नाही'.
दिग्दर्शक खाजगीवाले मग विम्याच्या पॉलिश्या विकायला लागले.
एक माझ्याही गळ्यात मारली. ती मात्र फळली.

गोष्ट म्हणाल तर काहीच नाही.
तिघं परग्रहावरून वेताळ टेकडीच्या खाणीत उतरतात,
उतरल्याचा परवाना काढायला कचेरीत जातात,
आणि पावणेदोन तास रांगेत उभे.
"साहेब, आमचा सूर्य विझत चाललाय हो."
इथं सगळा हॉल, एका आवाजात :
"मग अर्ज पलीकडच्या खिडकीत द्या!"

हसतात. दरवर्षी तितकंच हसतात.
निवृत्त बँकवाले, हिंजवडीहून मोटारसायकली हाणत आलेली पोरं,
आणि आरेकरबाई,
ज्या नवरा गेल्यापासून
दोन झाकणं आणतात.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला परात उडते.
तांब्याची, बावीस इंची, आमच्या तांबट आळीत ठोकलेली.
कल्हई नको म्हणाले, लालच बरी दिसते.
मी एकोणीस वर्षांचा. पोचवायला गेलो होतो.
पैसे उद्या देतो म्हणाले,
तोवर जरा हा दोरा धर.

तो दोरा पडद्यावर दिसतो.
लख्ख दिसतो, उन्हात चमकतो,
आणि हॉल उभा राहून ओरडतो, "दोराऽऽ!"
झाकणावर झाकण.
परात थरथरते त्याला एका प्राध्यापकांनी
'परकेपणाचा कंप' म्हटलंय, पानभर.
मला पायजम्यात कुसळ टोचत होतं.

नावांच्या यादीत मी 'आणि इतर' मध्ये आहे.
बावीस वर्षं मागच्या रांगेत बसतो.
कुणाला बोललो नाही. बोलायचं काय?

यंदा नवी प्रत होती.
ईशान किराड नावाच्या पोरानं आठ महिने खपून
एकेक ओरखडा पुसलेला.
खाण अशी लाल, की मीच ओळखली नाही.
चाळीस मिनिटं झाली. झाकणं वर गेली.
परात उडाली.
खरोखरच उडाली.
वर काही नव्हतं.

झाकणं तशीच हवेत.
मी माझा हात पाहिला,
आहे का, म्हणून.

पण परात थरथरत होतीच.
तेवढं त्याला पुसता आलं नव्हतं.
कुसळ तिथंच होतं, छत्तीस वर्षांचं,
निर्मळ निळ्या आभाळाखाली.

"अहो, दोरा कुठाय?" आरेकरबाई.
मग कुणीतरी ओरडलं, "आहे! दोरा आहे!"
आणि मग सगळेच, नसलेल्या जागेकडे बोट करून,
आणि झाकणं अशी वाजली, इतक्या वेळ वाजली,
की मी डोळे मिटले.
सकाळचे नऊ.
आळीत सगळ्या हातोड्या एकदम सुरू झालेल्या,
बाप हातवारे करून काहीतरी सांगतोय
आणि काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

खेळ सुटल्यावर टपरीवर ईशान शेजारीच उभा.
पडेल चेहरा. "काका, कशी वाटली?"
"छान. जरा जास्तच छान."
"दोरा परत टाकतो. पण जुनी प्रत इतकी खराब,
नेमका कुठून जायचा, तेच..."
"वरून, डाव्या अंगानं. किंचित तिरका.
मध्ये एक गाठ आहे."

तो बघत राहिला.
चहा भलता गरम होता, मला बोलता येईना.

चहाचे पैसे त्यानं दिले.
परातीच्या हिशेबात
धरायला हरकत नाही.