साडेपाच तासांचा फरक

कंपनीचं पत्र आलं: एकतीस मार्चनंतर सेवा बंद,
आपापला डेटा उतरवून घ्यावा.
घड्याळ मनगटावर चालूच होतं,
त्याला कुणी कळवलं नव्हतं.

उतरवला.
सहा वर्षं म्हणजे एक झिप,
आत दोन हजार एकशे चार फायली.
नावं नाहीत, नुसते आकडे,
कुठला बुट्टेनाथचा उतार, कुठली कॉलेजच्या मैदानाची फेरी,
सगळ्या एकाच गणवेशात, मान खाली घालून.

नव्या प्लॅटफॉर्मवर चढवल्या
तर तो म्हणतो, मी रात्री अकरा चाळीसला धावते.
रोज.
बूट बांधून बाई बाराच्या ठोक्याआधी घराबाहेर!
अंबाजोगाईत ही बातमी फुटली असती तर
माझी बदली परस्पर झाली असती.
पटवेकर हसले. आमचे लॅब असिस्टंट.
"मॅडम, फाइल ग्रिनिचची वेळ लिहिते.
साडेपाच तास मिळवा, पहाट होते."
मिळवले. पहाट झाली.
शनिवारी जाऊन बसलेली सुट्टीसुद्धा
रविवारी परत आली.

काही फायली मी आधीच, उतावळेपणानं,
एका फुकटच्या कन्व्हर्टरमधून काढल्या होत्या.
त्यांत रस्ता आला, चढ आला,
छातीचे ठोके गळाले.
नकाशावर एक निळी रेघ
चढ चढते आणि तिला दम लागत नाही.
अशी बाई मी कधीच नव्हते.

"मूळ फायलीला हात लावायचा नाही," पटवेकर म्हणाले,
"एक प्रत इथं, एक घरी,
खेळ करायचा तो तिसरीवर."
त्यांचे आजोबा तहसीलला नकलनवीस,
गाव मोमिनाबाद होतं तेव्हापासूनचे.
निजामाच्या काळातले उर्दू कागद
लोक पिशवीत घालून त्यांच्या ओट्यावर आणायचे:
काय लिवलंय तेवढं सांगा, चाचा.
म्हातारा गेला त्या वर्षी
कागद तसेच होते, वाळवीसुद्धा नव्हती.
"शाई टिकते मॅडम. वाचणारा संपतो."
असं म्हणत त्यांनी चहाचा कप
कीबोर्डवरच टेकवला. मी उचलला.

मग प्लॅटफॉर्मनं माझं अभिनंदन केलं.
सोनेरी चषक, वर फटाके:
आजवरची तुमची सर्वोत्तम आठशे मीटर,
दोन मिनिटं सेहेचाळीस.
मी सत्तेचाळीस वर्षांची.
चार मिनिटांत आठशे झाले
तर स्टाफरूमला पेढे वाटीन.
तारीख पाहिली. अठरा जानेवारी.

दैवशाला घोडके.
भरतीच्या आधीचा आठवडा,
तिच्या हाताला माझं घड्याळ,
पट्टा शेवटच्या भोकात, तरी सैल.
संपल्यावर ओणवी झाली, थुंकली,
आणि मातीकडंच बघत विचारलं,
"म्याडम, कितीत?"

हे एकशे अठ्ठ्याण्णव ठोके तिचे.
ते माझ्या खात्यात असेपर्यंत
माझं शारीरिक वय एकोणतीस दाखवतात.
दोन दिवस मी ते तसंच ठेवलं, खोटं कशाला बोलू.
तिसऱ्या दिवशी खात्यातून काढलं
आणि मूळ फाइल पाठवली नांदेडला,
जिथं ती आता चौकात शिट्टी घेऊन उभी असते.

"उघडत न्हाई म्याडम," तिचा मेसेज.

मग रात्री फोन लावला.
चष्मा पुसून एकेक ओळ वाचली:
पहिले दोनशे, एकोणचाळीस.
दुसरे, बेचाळीस.
तिसरे, चव्वेचाळीस.
पलीकडं कुठलातरी ट्रक हॉर्न देत गेला.
"तिसऱ्याला ढिली पडले का मी?"
पडलीस, म्हटलं.
थांब. पुढचं ऐक.