तीन मैल आणि थोडं

वकील ओकॅम्पोंनी नकाशा टेबलावर पसरला,
कोपऱ्यांवर चार कॉफीचे मग ठेवले.
किनाऱ्यापासून तीन मैलांवर एक तुटक रेघ,
आणि रेघेपलीकडे, नखभर अंतरावर,
लाल पेन्सिलीची फुली.
ती माझी बोट.

"इथपर्यंत ऑरेगनचा कायदा," ते म्हणाले,
"इथून पुढे केंद्राचा. शंभर वर्षांचा जुना.
आणि केंद्राचा लागला, की राज्याचा
पायरीवर चपला काढून गप्प उभा राहतो."

राज्याला विचारता आलं असतं
मुलगी गेल्यावर घर कसं वाटतं.
केंद्र विचारतं, ती किती कमवायची.

लेम्पी माकी, वय सतरा.
पणजीचं नाव. दातांना तारा.
डोरीनने, तिच्या आईने, फॉर्म भरला:
भांडी, आठवड्यातून चारदा.
आजीला डायलिसिसला नेणं, मंगळवार, शुक्रवार.
शेजाऱ्यांच्या कोंबड्या, दहा डॉलर.
मग पेन थांबलं.
न्हाणीघरात बेसूर शीळ घालणं,
याचा ताशी दर तिला ठाऊक नव्हता.

रेघ मी ओलांडली.
आत काही लागत नव्हतं, दुपार कलत होती,
आणि ती म्हणाली, "हालवोर, थोडं पुढे जाऊ या ना."
थोडं.
त्या थोड्याची लांबी पुढे कागदावर
तीनशे सत्तर मीटर भरली.

लाट मागून आली. त्याबद्दल नको.
रेडिओवर मी अक्षांश-रेखांश सांगितले,
दोनदा, एकेक आकडा सुटा करून,
बापाने शिकवलं होतं तसे.
त्या आकड्यांवर हेलिकॉप्टर आलं,
आम्हा तिघांना उचललं.
त्याच आकड्यांवर आता खटला उभा आहे,
किंवा आडवा.

विमा कंपनीचा माणूस भला आहे.
माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला,
"किती स्पष्ट उच्चार तुमचे!"
त्यानंतर दोन दिवस मी घरात बोललो नाही.

समुद्राने मात्र कुणाचा कायदा वाचला नाही.
चौथ्या दिवशी त्याने तिला रेघेच्या आत आणलं,
राज्याच्या वाळूवर, एक बूट पायात.
"चालत नाही," ओकॅम्पो म्हणाले,
"घडलं कुठे ते बघतात,
सापडलं कुठे ते नाही."

मे महिन्यात भावाची होडी घेऊन गेलो.
आकडे जुळले तिथे इंजिन बंद केलं.
पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात.
ही टिकलीये,
फक्त दिसत नाही.
एक काळा पक्षी त्या जागी तरंगत होता,
बुडी मारून भलतीकडेच वर आला.
होडी आपसूक आत सरकली,
परत बाहेर,
मी वल्ह्याला हात लावला नाही.

काल डोरीन भेटली, टपाल कचेरीच्या रांगेत.
मला वाटलं, रेघेचं विचारेल.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"मासा लागला होता का तिला?"

"एक," मी म्हणालो.
"मापापेक्षा लहान निघाला.
पट्टीवर धरून बघितला तिने,
आणि सोडला."

पुढचा माणूस सरकला.
डोरीनही सरकली, पाकीट छातीशी धरून.